हात भाजला तर

थंडी पडली की आपल्या असोद्यात भरिताच्या वांग्यांचे दिवस येतात. हिरवट पांढरी, पोटाने मोठी, बी कमी अशी ही वांगी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे वांगे ह्याच मातीतले, असा त्याच्यावर सरकारी शिक्का बसला. चांगली गोष्ट झाली. पण शिक्क्याने भरीत होत नाही. भरीत हातांनी होते.

कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा. त्यात वांगी घालायची. ती उलटायची, पालटायची, काढायची. मग गरम असतानाच सोलायची. वांगी गार होऊ देऊ म्हटले तर गिऱ्हाईक थांबत नाही. सोलणाऱ्या बाया शेजारी पाण्याचे पातेले ठेवतात. बोटे पाण्यात बुडवायची आणि साल ओढायची. हिवाळाभर हे चालते. त्यांच्या बोटांची टोके पाहा. कातडी गुळगुळीत झालेली असते. कुठे पांढरा डाग असतो, कुठे जुना फोड सुकलेला असतो. विचारले तर म्हणतात, "एवढं तर होतंच."

बहिणाबाई चौधरी ह्याच गावच्या लेकी. त्यांचा जन्म १८८० साली असोद्यात झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण चुलीवरच्या तव्याचे चटके त्यांच्या गाण्यात आले आणि सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. चटका बसणे हे कष्टकऱ्याच्या हाताला नवे नाही. पण चटका वेगळा आणि हात निकामी होणे वेगळे. चटक्यावरून निकामी होण्यापर्यंत गोष्ट कशी जाते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात आमचाही दोष होता. म्हणून आधी ते सांगतो.

काही हिवाळ्यांपूर्वी एका मळ्यात भरिताची पंगत होती. भाजायला गावातलाच एक गडी होता. त्याचे नाव सांगत नाही. जाळाच्या बाजूला तीन दगडांवर फोडणीची कढई चढवली होती. एक दगड सरकला. कढई कलंडली आणि उकळते तेल त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर आले. तो ओरडला. सगळे धावले, आणि धावून आल्यावर आमच्या तोंडाकडे पाहू लागले. का? तर आम्ही गुरुजी. गुरुजींना सगळे कळते असे लोकांना वाटते. खरे सांगायचे तर आम्हांलाही तेव्हा तसेच वाटत होते. आम्ही म्हटले, "टूथपेस्ट आणा." एका मुलाने सायकल पिटाळली. टूथपेस्ट आली. अर्धी नळी त्याच्या हातावर फासली. गार वाटले म्हणून तो गडी बोलला, "काही नही होत गुरुजी आता." बोटात तांब्याची अंगठी होती. ती तशीच राहिली.

रात्री हात भोपळ्यासारखा सुजला. अंगठी मांसात रुतली. बोट काळेनिळे पडू लागले. पहाटे त्याला जळगावला नेले. तिथे आधी अंगठी कापावी लागली. मग जखमेवर वाळलेली टूथपेस्ट भिजवून भिजवून काढली. त्या वेळी तो किती ओरडला ते आम्ही बाहेरच्या बाकावरून ऐकत होतो. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "भाजल्याबरोबर पाणी ओतले होते का?"

मळ्यातली पाण्याची टाकी जाळापासून दहा पावलांवर होती.

आता नीट वाचा. हे पुढचे वाक्य ह्या पाठातले सगळ्यांत कामाचे आहे. हात भाजला की लगेच त्याच्यावर साधे गार, स्वच्छ पाणी वीस मिनिटे ओतत राहावे.

वीस मिनिटे का? हात जाळापासून दूर झाला म्हणजे भाजणे थांबले असे आपल्याला वाटते. पण तसे नसते. तापलेला तवा चुलीवरून उतरवला तरी त्याच्यावरची भाकरी काही वेळ भाजतच राहते. कातडीचेही तसेच आहे. वरची कातडी तापली की ती उष्णता खालच्या थरात उतरत जाते. वरवरचे भाजलेले मग खोल जाते. पाणी ती उष्णता ओढून घेते. म्हणून पाच मिनिटे ओतून थांबू नये. घड्याळ पाहावे. घड्याळ नसेल तर मोबाईल असतोच. दुःखाच्या वेळी पाच मिनिटेही तासासारखी वाटतात, म्हणून अंदाजावर जाऊ नये.

नळ असेल तर बारीक धार सोडावी. मोठी धार जखमेवर आदळते. नळ नसेल तर तांब्याने ओतावे. खाली बादली ठेवली म्हणजे पाणी वाया जात नाही. पाणी थोडेच असेल तर हात पातेल्यात बुडवून ठेवावा आणि पाणी कोमट झाले की बदलावे. आपल्या खानदेशात आणखी एक अडचण आहे. वैशाखात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात लावू देत नाही, इतके तापते. तेव्हा ते ओतू नये. रांजणातले किंवा माठातले पाणी घ्यावे. ते प्यायचे आहे म्हणून मागेपुढे पाहू नये.

बर्फ मात्र लावू नये. भाजलेल्या कातडीतला रक्ताचा पुरवठा आधीच कमी झालेला असतो. बर्फाने तो आणखी आखडतो आणि जखम वाढते. फ्रिजमधल्या बर्फाच्या तुकड्यांना लोक हल्ली औषध समजतात. ते औषध नव्हे.

आणि उशीर झाला असेल तर? समजा भाजल्यावर तास दीड तास गेला आणि कोणाला हा पाठ आठवला. तरीही ओतावे. तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, असे डॉक्टर सांगतात. लगेच ओतले तर पुष्कळ, उशिरा ओतले तर थोडा, पण होतो.

"पाणी लावले की फोड येतो" असे जुनी माणसे म्हणतात. आमच्या आजीचेही तेच म्हणणे होते. फोड पाण्याने येत नाही. कातडी जितकी खोल भाजली असेल, त्याप्रमाणे तो येतो. पाणी न ओतताही तो येणारच असतो. उलट पाण्याने तो लहान राहण्याचा संभव आहे.

पाणी ओतत असतानाच दुसऱ्या माणसाने अंगठी, बांगड्या, कडे, घड्याळ, मनगटातला दोरा, जे असेल ते काढावे. सूज येण्याआधी हे सहज निघते. नंतर निघत नाही. सौभाग्याची बांगडी, बापाची अंगठी, देवाचा गंडा हे सगळे आम्हांला कळते. पण बोट राहिले तर अंगठी पुन्हा घालता येते. बांगडी निघत नसेल तर फोडावी. काच लागणार नाही अशी बेताने फोडावी. बाहीचे कापड कातडीला चिकटले असेल तर मात्र ते ओढू नये. भोवतीचे कापून टाकावे आणि चिकटलेले डॉक्टरांसाठी राहू द्यावे.

आता काय लावू नये ते सांगतो. टूथपेस्ट, शाई, तूप, तेल, हळद, बटाट्याचा कीस, अंड्याचा पांढरा भाग, चुलीतली राख, शेण. ही यादी आम्ही गावातल्या लोकांकडूनच गोळा केली आहे. प्रत्येक घराचे आपले औषध असते. शाळेत तर दौतीतली शाई ओतत. हात निळा होई आणि मास्तरांना वाटे की काम झाले. ह्या सर्व वस्तूंचे तीन दोष आहेत. त्या उष्णता आत कोंडतात. त्यांच्यातली घाण जखमेत जाते. आणि जखम किती खोल आहे, ते डॉक्टरांना दिसत नाही. मग त्या खरवडून काढाव्या लागतात. ते किती दुखते ते आम्ही वर सांगितलेच आहे.

काही लोक भाजलेले बोट पुन्हा जाळापुढे धरतात. "आगीचा दाह आगच ओढते" म्हणतात. ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. नुसता रंग बदलणे, फोड येणे, नीट भाजणे आणि मांस लोंबेपर्यंत भाजणे. इतक्या जुन्या काळी हे इतके बारकाईने पाहिले, ह्याचे कौतुक वाटते. पण पहिल्या प्रकाराला त्या ग्रंथात शेक द्यायला सांगितले आहे, आणि ते आज टिकत नाही. जुन्या ग्रंथातले पाहणे घ्यावे, शेकणे सोडून द्यावे.

बटाटा आणि केळीचे पान ह्यांचे मात्र थोडे वेगळे आहे. आपला जिल्हा केळीचा, म्हणून हे सांगणे अवश्य आहे. मुंबईच्या डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याची साले पट्टीवर बसवून भाजलेल्या जखमांना लावली आणि १९८५ साली त्याबद्दल लिहिले. पुढे मुंबईच्याच शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. ते २००३ साली प्रसिद्ध झाले. केळीचे पान जखमेला चिकटत नाही. पट्टी बदलताना रोग्याला फार दुखत नाही. शिवाय ते स्वस्त. आपल्या बांधावरचे पान मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेले! पण ते कसे गेले, हे नीट ऐका. पान कापडाच्या पट्टीवर चिकटवून, बांधून, वाफेच्या यंत्रात जंतू मारून मग वापरले. बागेतून पान ओरबाडले आणि हातावर गुंडाळले, असे केले नाही. बागेतल्या पानावर धूळ असते, फवारणी असते, पाखरांची घाण असते. घरी ते लावू नये.

मग घरी लावायचे काय? काही नाही. वीस मिनिटे पाणी झाले की धुतलेले, वाळलेले सुती फडके हातावर सैल टाकावे. नवी कोरी, स्वच्छ प्लास्टिकची पिशवी मिळाली तर हात तिच्यात सैल घालावा. पिशवी जखमेला चिकटत नाही आणि वारा लागून जी आग होते ती कमी होते. फोड फोडू नये. फोडावरची कातडी म्हणजे देवाने दिलेली पट्टी आहे. हात छातीच्या वर उचलून धरावा, म्हणजे सूज कमी येते. असा हात धरून दवाखान्यात जावे.

लहानसा चटका असला, नुसते लाल झाले असले, तर पाणी पुरे. ते आठवड्याभरात बरे होते. पण हातावर फोड आला, किंवा भाजलेली जागा बोटाच्या सांध्यावर असली, तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी. पाठीवर तेवढेच भाजले असते तर कदाचित चालले असते. हाताचे तसे नाही. आपल्या हाताची पाठ चिमटीत धरून पाहा. कातडी किती पातळ आहे! तिच्या खालीच बोटे उचलणाऱ्या शिरा आहेत. त्यांना दोरखंड म्हणा हवे तर. मध्ये चरबी जवळजवळ नाही. तळहाताची कातडी जाड असते, कष्टाने आणखी जाड होते. म्हणून तळहात पुष्कळ सोसतो. हाताची पाठ सोसत नाही.

एक फसवी गोष्ट आहे. जिथे फार दुखते ते भाजणे वाईट आणि जिथे दुखत नाही ते बरे, असे आपण धरतो. पुष्कळदा उलटे असते. कातडी पुरती जळली की दुखण्याची खबर देणारे तंतूही जळतात. तिथे पांढरे, तपकिरी किंवा चामड्यासारखे कडक दिसते. टाचणी टोचली तरी कळत नाही. असा हात घेऊन "काही नही होत" म्हणणाऱ्या माणसाला आधी गाडीत बसवावे. गाडी नसेल तर १०८ नंबर फिरवावा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून फुकट मिळते. दवाखान्यात गेल्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनचे आठवणीने विचारावे.

आणि ज्याच्या हाताला भाजल्याचे मुळीच कळले नाही, नंतर फोड पाहून कळले, त्याने भाजण्याच्या औषधावर थांबू नये. हात बधिर का झाला, ते तपासून घ्यावे. तो कुष्ठरोग असू शकतो. ह्या रोगावर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि तो बरा होतो. लपवला तर बोटे जातात.

प्रत्येक भाजणे जाळाचेच असते असे नाही. कळीचा चुना भिजवताना तो खदखदतो आणि उडतो. चुन्याची कोरडी फक्की हातावर पडली तर आधी ती कोरड्या फडक्याने झटकून टाकावी, मग भरपूर पाणी ओतावे. आधीच पाणी टाकले तर चुना तिथेच तापतो. बांधकामावरच्या ओल्या सिमेंटचेही तसेच. ते गार लागते, म्हणून माणूस दिवसभर त्यात हात घालून काम करतो. आग संध्याकाळी सुरू होते, तोवर कातडी खाल्लेली असते. रबरी हातमोजे घालावेत आणि काम सुटल्यावर हात पुष्कळ पाण्याने धुवावेत. ट्रॅक्टरच्या बॅटरीतले ॲसिड उडाले तर वीस मिनिटांवर थांबू नये. आणखी ओतत राहावे.

रस्त्यावरचे डांबर, गुळाचा उकळता पाक, कारखान्यातले वितळलेले प्लास्टिक ह्या चिकटणाऱ्या वस्तू. जळगावला चटयांचे कारखाने पुष्कळ आहेत आणि आपल्याकडची मुले तिथे कामाला जातात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे. वितळलेले प्लास्टिक हातावर पडले तर ते उपटू नये. उपटले की कातडी बरोबर येते. पाण्याखाली धरून ते गार करावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे.

विजेचे भाजणे सगळ्यांत कपटी. मोटारीच्या स्टार्टरला ओला हात लागला, झटका बसला, बोटावर वाटाण्याएवढा काळा डाग पडला. माणूस म्हणतो, वाचलो. पण वीज आत शिरून दुसरीकडून बाहेर पडलेली असते. मधले मांस आतून जळलेले असू शकते. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. म्हणून डाग केवढाही असो, दवाखान्यात जावेच. आणि माणूस तारेला चिकटलेला असेल तर त्याला हात लावू नये. आधी वीज बंद करावी.

आता पुन्हा त्या गड्याकडे येऊ. टूथपेस्टची चूक आमची होती. पुढची चूक त्याची आणि त्याच्या घरच्यांची. दवाखान्यात जखम साफ करून पट्टी बांधून दिली. प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी होती. घरी आल्यावर ती ओली झाली, तर घरच्यांनी चारही बोटे एकत्र गुंडाळून टाकली. तसे करू नये. दोन कच्च्या जखमा एकमेकींना टेकून राहिल्या की त्या एकमेकींना जुळतात. बोटे चिकटतात. बोटांच्या मध्ये कापड हवेच.

दुसरे असे की त्याने हात गळ्यात बांधून ठेवला तो ठेवलाच. दुखते म्हणून हलवायचा नाही. आई म्हणे, "हलवू नको रे बाप्पा, जखम उघडंल." मायेचे बोलणे खरे, पण हाताला ते मानवत नाही. दुखणारा हात आपोआप एका रीतीने पडतो. मनगट खाली लोंबते. बोटांची मुळे मागे जातात आणि टोके आत वळतात. पक्ष्याच्या पंजासारखा आकार होतो. जखम भरताना कातडी आखडते. हात ज्या आकारात पडला असेल त्याच आकारात ती त्याला शिवून टाकते. मग जखम बरी होते आणि हात जातो. दीड महिन्याने त्याची पट्टी सुटली तेव्हा तो विळा धरू शकत नव्हता. गहू कापणीला आला होता.

ह्यासाठी डॉक्टर हाताखाली पट्टीचा आधार देतात. मनगट किंचित वर, बोटे मुळाशी वाकलेली पण पुढे सरळ, अंगठा बोटांपासून दूर. हा आधार रात्री काढून ठेवू नये. त्याचा त्रास होतो, हे कबूल. आणि दिवसा डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून बोटे हलवायची. मूठ मिटायची, उघडायची. बोटे फाकवायची. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. एकदाच जोर लावून नव्हे. थोडे थोडे, दिवसातून पुष्कळ वेळा. दुखेल. दुखले म्हणजे बिघडले असे नाही. तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर कातडी लावण्याचे ऑपरेशन लागेल का, हे विचारावे. मांडीची पातळ कातडी काढून हातावर लावतात. त्याला भिऊ नये. जखम पुरती भरल्यावर खोबरेल तेलाने वण चोळावा आणि उन्हात तो झाकावा. वण वर्षभर बदलत राहतो. म्हणून दोन महिन्यांत आशा सोडू नये.

त्या गड्याने आशा सोडली होती. आम्ही त्याला पुन्हा जळगावला घेऊन गेलो. आमची चूक आमच्या मनातून जात नव्हती, हे त्याचे कारण. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या ताई होत्या. त्यांनी त्याला कणकेचा गोळा मळायला सांगितला. तो लाजला. गडीमाणूस कणीक मळणार? त्याची बायको म्हणाली, "मळा ना, तेवढंच माझं काम हलकं." त्या घरात पुढे चार महिने कणीक त्यानेच मळली. हळूहळू मूठ मिटू लागली. करंगळी मात्र अजून वाकडी आहे.

आता काम करताना काय काळजी घ्यावी, त्याचे थोडे.

भरिताच्या जाळाजवळ वांगी घालण्याआधी त्यांना टोचे मारावेत. न टोचलेले वांगे आत वाफ धरते आणि फुटते. वाफेचा चटका पाण्याहून वाईट. कपाशीच्या काड्या एकदम भडकतात आणि लवकर विझतात, म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे. विझत्या जाळावर रॉकेल कधी ओतू नये. वांगी उलटायला लांब दांड्याचा चिमटा किंवा ओली काठी घ्यावी. कढई दगडांवर ठेवायची तर आधी रिकामी ठेवून हलवून पाहावी. आमच्या पंगतीत एवढेच केले असते तर हा पाठ लिहावा लागला नसता. शेकोटीच्या दिवसांत अंगावर नायलॉनचे स्वेटर असते. नायलॉन वितळते आणि अंगाला चिकटते. सुती कपडा बरा. बायांनी पदर खोचावा.

गरम भांडे उचलायचे फडके कोरडे असावे. ओल्या फडक्यातून उष्णता झटकन हाताला येते. हे बायांना ठाऊक असते, हॉटेलात नव्याने लागलेल्या पोरांना नसते. उकळते तेल तर पाण्याच्या पाऊणे दोनपट तापलेले असते. ६० अंशांचे पाणी पाच सेकंदांत हात खोल भाजते, मग तेलाला किती वेळ लागत असेल? तळणीच्या कढईचा दांडा रस्त्याच्या बाजूला नसावा.

वेल्डिंगच्या कामावर चामड्याचे हातमोजे घालावेत. लोखंड लाल दिसत नसले तरी तापलेले असते, म्हणून हात लावण्याआधी हाताची पाठ जवळ नेऊन धग पाहावी. पण जिथे रूळ फिरतात, पट्टे फिरतात, तिथे सैल हातमोजा घालू नये. तो हाताला घेऊन आत जातो. तिथे यंत्र बंद केल्याशिवाय अडकलेला माल काढू नये. मुकादम घाई करील. त्याने घाई केली तरी.

आणि इतके करूनही कामावर हात भाजला, तर आता तुम्हांला लिहिता येते, त्याचा उपयोग करा. तारीख, वेळ, जागा, कोणते काम चालू होते, जवळ कोण होते, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. दवाखान्याचा कागद जपून ठेवा. कामगाराला जखमेची भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. त्याच्या जोडपत्रात हाताचा हिशेब दिला होता. एक अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती ३० टक्के गेली. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. पुढे कायदे बदलले, २०२० साली नवी संहिता झाली, पण भरपाई मागण्याचा हक्क राहिला. कोरा कागद पुढे करून कोणी अंगठा मागितला तर देऊ नका. आधी वाचा, मग सही करा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या मळ्यात गेलो होतो. भाजायला तोच गडी होता. काड्या रचून झाल्या होत्या, पण जाळ लावला नव्हता. पाण्याचा ड्रम अजून भरत होता. त्याच्या हाताखाली एक नवे पोरगे होते. पोराच्या हातात जाड कडे होते, बोटात दोन अंगठ्या. गड्याने आपली वाकडी करंगळी त्याच्यापुढे धरली आणि बाभळीच्या खोडातला खिळा दाखवला. पोराने कडे आणि अंगठ्या काढून खिळ्याला अडकवल्या. ड्रम भरला. मग काडी ओढली.